गादी साताऱ्याची, तहान मसूरची

सातारा बघून आलो असं चाळीत सांगितलं की जो तो पहिलं विचारतो, कंदी पेढे आणलेस का? दुसरा प्रश्न कासच्या फुलांचा. तिसरा, अजिंक्यताऱ्यावरनं फोटो काढलास का. चौथा प्रश्न कुणी विचारत नाही. आपली पोरंपण नाही. मला त्या न विचारलेल्या चौथ्या प्रश्नाबद्दल बोलायचंय आणि कुणाची भीडभाड न ठेवता बोलायचंय. ज्यांना शहाण्यासुरत्या प्रवासवर्णनाची सवय आहे त्यांनी अंक इथंच मिटावा.

आम्ही चाळीसएक जण बस करून गेलो होतो, ७ नोव्हेंबरला. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. १९०० साली या तारखेला भिवा रामजी आंबेडकर नावाचा पोरगा साताऱ्याच्या हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरात त्याचा नंबर १९१४. २०१७ साली सरकारला जाग आली आणि हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर झाला. परिपत्रक निघालं, भाषणं सुरू झाली, हार आले. बरं झालं. परिपत्रकाला माझा विरोध नाही. पण परिपत्रकानं माणूस डोळे मिटून घ्यायला शिकतो, हे मी साताऱ्यात बघितलं.

आधी त्यांचा सातारा सांगतो, म्हणजे मग आपला सांगता येईल.

त्यांचा सातारा म्हणजे गादी. १७०८ साली थोरले शाहू महाराज इथं छत्रपती झाले. गादी साताऱ्यात राहिली आणि राज्याच्या किल्ल्या हळूहळू पेशव्यांनी पुण्याला नेल्या. १८१८ ला पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं. १८३९ ला त्यांनीच उतरवलं. महाराज काशीला कैदेत १८४७ ला वारले. रंगो बापूजी लंडनला वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले, कुणी दाद दिली नाही. १८४८ ला राज्य खालसा. गाइड हे सगळं पाठ केल्यासारखं सांगतो आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. माझ्याही आला, खोटं कशाला बोलू.

पण गाइड एक गाळतो. हेच प्रतापसिंह शिकलेले, शाळा काढणारे. त्यांच्याच राज्यात, त्यांच्याच गावात भटजींनी वाद घातला की हा राजा क्षत्रिय कशावरून? याला वेदोक्त कशाला? डोक्यावर छत्र असलेल्या माणसाची जात खलबतखान्यात तपासली जात होती. बाळाजीपंत नातूसारखी माणसं एका हातानं इंग्रजांच्या चिठ्ठ्या पोचवत होती आणि दुसऱ्या हातानं महाराजांचा वर्ण मोजत होती. आता विचार करा. जिथं छत्रपतीची ही कथा, तिथं गोणपाट काखेत मारून येणाऱ्या पोराची काय?

हो, गोणपाट. बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत आपल्या काही आठवणी लिहून ठेवल्या. त्या हयातीत छापल्या नाहीत. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं पुस्तिका काढली, नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. पानं थोडीच आहेत. वाचायला एक संध्याकाळ पुरते आणि विसरायला जन्म पुरत नाही. त्यात साताऱ्याच्या शाळेतले दिवस आहेत. वर्गात आपल्या नंबराप्रमाणं बसायचं नाही, कोपऱ्यात एकट्यानं बसायचं. बसायला गोणपाट स्वतःचं. शाळा झाडणारा गडी त्याला हात लावणार नाही, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. नळ समोर आहे, पण तोटीला हात लावायचा नाही. शिपायानं सोडली तर पाणी, शिपाई नसला तर नाही. कपडे बहिणी धुणार. साताऱ्यात परीट नव्हते असं नाही, द्यायला पैसे नव्हते असंही नाही, पण महाराचं कापड परीट धुणार नाही. केस थोरली बहीण कापणार, कारण न्हावी शिवणार नाही.

आणि ही शाळा भरायची कुठं? राजवाड्यात. छत्रपतींच्या वाड्यात रयतेचं पोर गोणपाटावर. गादी आणि गोणपाट एका छपराखाली! मला वाटलं होतं, राजवाड्यासमोर उभा राहून बस भरून आलेली आपली माणसं हे एकमेकांना सांगत असतील. कुठलं काय. तिथं सगळ्यात जोरात सांगितली जात होती ती गोष्ट आंबेडकर गुरुजींची. प्रेमळ मास्तर, आपल्या डब्यातलं जेवण द्यायचे, आपलं आडनाव दिलं. त्या मास्तरांबद्दल बाबासाहेबांना माया होती, ती खरीच, माझी ना नाही. आडनावाच्या कथेवर अभ्यासकांनी काय वाद घालायचा तो घालावा. माझा सवाल निराळा आहे. एका मास्तराच्या चांगुलपणाची गोष्ट ढोल बडवून सांगितली जाते आणि अख्ख्या गावाच्या गोणपाटाची गोष्ट कुजबुजून पण नाही, हे कसं? कारण चांगल्या मास्तराच्या गोष्टीत कुणाची मान खाली जात नाही. सांगणाऱ्याची नाही, ऐकणाऱ्याची नाही. आपण टाळ्या वाजवतो, ते खूश होतात, सगळे मिळून चहा पितात.

२०२४ च्या जुलैत याच गावात लंडनच्या संग्रहालयातून उसनी आणलेली वाघनखं ठेवली होती. काय थाट! मंत्री, मिरवणूक, पोलीस, रांगा. शिवाजी महाराजांनी हीच वाघनखं वापरली याचा खात्रीचा पुरावा नाही असं त्या लंडनच्या संग्रहालयानंच म्हटलेलं. तरी रांगा. लोकांच्या प्रेमाची मी टिंगल करत नाही. महाराज आमचे पण आहेत. गडांच्या पहाऱ्यावर आणि घेऱ्यात महार, मांग, रामोशी, बेरड होते, ते काही हवा खायला नव्हते. पण मला त्या रांगेत एखाद्यानं विचारलेलं ऐकायचं होतं की, बाबा, पोलादाच्या चार नखांना काचेची पेटी, आणि ते गोणपाट कुठंय? ते अर्थात नाहीच. गोणपाट कोण जपून ठेवतं? ते फाटतं, सडतं, संपतं. जपून ठेवण्याजोगं असतं ते राजांचं.

रात्री लॉजवर एक लहानसा प्रकार झाला. वही भरताना काउंटरवरच्या माणसानं नाव विचारलं. मी सांगितलं. म्हणाला, पूर्ण. वडिलांचं सांगितलं. म्हणाला, आडनाव? आडनाव सांगितलं. मग गाव. आडनाव आणि गाव जुळवून त्यानं क्षणभर माझ्याकडं बघितलं, हसला आणि म्हणाला, अच्छा, तुम्ही उद्याच्या कार्यक्रमाला! खोली दिली. वाईट वागला नाही. गरम पाणी पण दिलं. फक्त त्याला कळायला पाहिजे होतं. पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या मित्रांनो, तुम्ही म्हणता ना जात आता राहिली नाही, ती इथं राहिलीय. कळायला पाहिजे, एवढ्यात.

आता खरं सांगायचं ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी बस परत निघाली. बाया-पोरांना कास बघायचं होतं, २०१२ पासून जागतिक वारशात गेलेलं पठार, कोण सोडणार. नोव्हेंबरात तिथं फुलं उरत नाहीत, ही गोष्ट वेगळी. मी आणि एक मित्र उतरलो. आम्ही सातारा स्टेशनवर पॅसेंजर पकडली आणि मसूरला गेलो. बसमधल्या चाळीस जणांना मसूर कुठं आहे ते सांगता आलं नाही. एक जण म्हणाला, डाळीचं गाव काय?

मसूर कऱ्हाड तालुक्यात. सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मग मसूर. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भिवा, त्याचा भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची दोन पोरं असे चौघं या स्टेशनात उतरले. रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला कॅशियर होते. काही छापील पुस्तकांत कोरेगाव आहे, त्यामुळं लोक घोटाळा करतात. कोरेगाव असतं तर पोरं तीन स्टेशनं आधीच उतरली असती. आणि काही महाभाग तर भीमा-कोरेगावशी जोडून मोकळे होतात. वाचत नाही आपण, हेच खरं.

पोरांनी नवे कपडे घातलेले, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. बापाकडं सुट्टीला निघालेली लेकरं ती. बापाला पत्र मिळालं नव्हतं, कुणी न्यायला आलं नाही. स्टेशनमास्तरला वाटलं बामणाची पोरं, म्हणून मायेनं विचारपूस केली. भिवा बोलून गेला, आम्ही महार. मास्तर पाच पावलं मागं. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि अट अशी की गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. दुप्पट पैसे घेऊन! म्हणजे पैशाला विटाळ नाही, बैलाला विटाळ नाही, कासऱ्याला नाही, फक्त शेजारी बसायला आहे. रात्री टोलनाका आला. शिदोरी भरपूर होती, पाणी नव्हतं. गाडीवानानं शिकवलं, सांगा आम्ही मुसलमान आहोत. भिवानं तसं सांगून पाणी मागितलं. नाकेदार म्हणाला, तुमच्यासाठी इथं कुणी पाणी ठेवलंय? डोंगरावर आहे, जाऊन प्या. चार पोरं शिदोरी उशाला घेऊन उपाशी झोपली. पाण्यावाचून घास उतरत नाही.

हे सगळं तुम्ही ऐकलं असेल. पाठ्यपुस्तकात येतं, रडू येतं, धडा संपतो. आता जे पाठ्यपुस्तकात कुणी बोट ठेवून दाखवत नाही ते बघा. रामजीबाबा गोरेगावला कशाचे कॅशियर होते? दुष्काळात माणसं हजारांनी मरत होती, त्यांना काम द्यायला सरकारनं तिथं तलाव खणायला काढला होता. त्या तलावाच्या कामाचे! बाप पाण्याच्या कामावर, मजुरांचे पैसे मोजतोय. लेक त्याच कामाच्या गावी जाताना वाटेत घोटभर पाण्यावाचून. यात सगळा जिल्हा आला. अख्खा महाराष्ट्र आला. खणणारा आणि पिणारा वेगवेगळा.

माझी आजी खटावची. ७२ च्या दुष्काळात तिनं खडी फोडली, ताली घातल्या, पाझर तलावाची माती वाहिली, सुकडी खाऊन पोरं जगवली आणि मग मुंबईला आली. ती मरेपर्यंत म्हणायची, आमच्या हातचं तळं हाय गावाला. हातचं! सात-बाऱ्यावर कुणाचं, हे तिनं कधी विचारलं नाही आणि तिला कुणी सांगितलं नाही. १९०१ चा तलाव, ७२ चे पाझर तलाव, पुढं रोजगार हमीचे बंधारे. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात जिथं जिथं पाणी अडलं, तिथली माती महारा-मांगाच्या आणि गरीब कुणब्याच्या बायांनी डोक्यावरनं वाहिली. आणि तळं भरल्यावर?

भरल्यावर काय होतं ते कुळकजाईला विचारा. माण तालुका, सातारा जिल्हा. २६ एप्रिल २००७. एक बौद्ध शेतकरी आपल्या स्वतःच्या जमिनीत, पाझर तलावाजवळ विहीर खणत होता. गावातल्या वरच्या जातीच्या जमावानं त्याला मारून टाकलं. शेत त्याचं, घाम त्याचा, फक्त खालचं पाणी त्याचं नाही! १९०१ च्या नाकेदारानं निदान डोंगराकडं बोट दाखवलं होतं. २०१० साली साताऱ्याच्या सत्र न्यायालयात सगळे आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे तो माणूस विहिरीच्या काठावर आपोआप मेला असं समजायचं. राजवाड्यापासून कोर्ट काही लांब नाही. ७ नोव्हेंबरच्या कुठल्याही स्टेजवरून मी अजून कुळकजाईचं नाव ऐकलेलं नाही. आपल्या नेत्यांना खैरलांजी आठवते कधीमधी, कुळकजाई कुठल्या जिल्ह्यात आहे हे विचारलं तर पीएला फोन लावतील.

आणि ते, सांगा आम्ही मुसलमान आहोत? तेव्हा तो एक बचाव होता. २०२३ च्या सप्टेंबरात याच खटाव तालुक्यात, पुसेसावळीत, मोबाइलवरच्या मजकुराचं निमित्त करून जमाव मशिदीवर चालून गेला आणि एक तरुण जिवानिशी मेला. आता त्या वाटेनं चार पोरं निघाली तर गाडीवान त्यांना काय सांगायला शिकवेल? मला उत्तर सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर लिहून पाठवा.

मसूरच्या स्टेशनाबाहेर मी वीस रुपये देऊन पाण्याची बाटली घेतली. टपरीवाल्यानं जात विचारली नाही. वीस रुपये विचारले. मित्र म्हणाला, बघ, संपलं की नाही? बाजारानं अस्पृश्यता मारली. हा मित्र चांगला आहे, शिकलेला आहे, बँकेत आहे, आणि हे वाक्य त्याच्यासारखे हजारो जण रोज बोलतात म्हणून त्याची गाठ सोडवतो. बाटलीला जात नाही, मान्य. पेल्याला पण आता पुष्कळ ठिकाणी उरली नाही. पण जात गेली कुठं? ती पेल्यावरनं उठली आणि उगमावर जाऊन बसली. विहिरीवर, तळ्यावर, कालव्याच्या दारावर, उपसा योजनेच्या पाळीवर. पेला द्यायला कुणाचं काय जातं? पेला दिल्यानं ऊस कमी होत नाही. उगमात वाटा मागितला की ऊस कमी होतो. तिथं मग कुऱ्हाड निघते.

आम्ही थोडं चालत, थोडं वडापमधनं खटावाकडं गेलो. पश्चिमेला याच जिल्ह्यात पाऊस धो धो कोसळतो, महाबळेश्वर तिथलंच. पाटणला कोयनेचं धरण, तिथली उठवलेली माणसं दोन-दोन पिढ्या आंदोलन करतायत. आणि पूर्वेला घाट चढून आलं की जमीन अशी कोरडी की डोळ्यांना चटका बसतो. एका वस्तीत, गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांना तिथंच राहायचंय, एका म्हातारीनं तांब्या भरून दिला. अंगणात बाबासाहेब आणि बुद्धाच्या तसबिरी, बाजूला प्लास्टिकचं टिपाड. मी विचारलं, कॅनॉलचं पाणी आलं म्हणतात ना, उरमोडीचं, जिहे-कठापूरचं? तिचा मुलगा हसला. म्हणाला, भाऊ, आलंय की. ज्याचं रान कॅनॉलखाली त्याच्या रानात आलंय. आमचं रान कुठंय? वतनाची होती थोडी, ती कवाच गेली. आमच्याकडं पाणी येतं ते टँकरचं.

वतनाची. हा शब्द आपल्या मुंबईच्या पोरांना आता माहीत नाही. महार वतन. गावची सगळी हलकी कामं करायची, सरकारची हमाली करायची, आणि त्या बदल्यात तुकडाभर इनाम जमीन, बाकी बलुतं मागून खायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात या गुलामीविरुद्ध बिल आणलं. ही वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. जमीन पैसे भरून परत मिळणार होती, नव्या शर्तीवर. पैसे कुणाकडं होते? कुणी भरले, कुणाला नोटीसच पोचली नाही, कुणाची पाटलानं दारूच्या बाटलीवर लिहून घेतली. आज हायवेच्या कडेला त्या जमिनींना सोन्याचा भाव आहे आणि आपली माणसं त्याच जमिनीवरच्या इमारतींत वॉचमन आहेत. गडाच्या पायथ्याला पहाऱ्याला होतो, अजून पहाऱ्यालाच आहोत!

मग सातारा जिल्हा म्हणजे नुसता अंधार का? तसं म्हणणारा मी मूर्ख ठरेन. याच खटाव तालुक्यात कटगुण आहे, जोतीबांच्या पूर्वजांचं गाव. खंडाळा तालुक्यात नायगाव, १८३१ साली सावित्रीबाई जिथं जन्मल्या. आणि जोतीबांनी काय केलं? नुसती पुस्तकं नाही लिहिली. १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. म्हाताऱ्याला कळलं होतं दुखणं कुठंय. भाऊराव पाटलांनी १९१९ ला काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग. महार, मांग, मराठा, मुसलमान पोरं एका चुलीवरचं खायची, एका पिंपातलं प्यायची, स्वतः रांधायची. म्हणजे या गावाला येत नव्हतं असं नाही. येत होतं. म्हणूनच माझा राग जास्त आहे.

त्या वारशाचं आज काय चाललंय ते बघा. वीसच्या आतला पट असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी सरकारनं २०२३ साली समूह शाळेची टूम काढली. म्हणजे वस्तीवरची शाळा बंद, पोरानं लांबच्या गावी जायचं. वस्तीवर पोरं किती असणार? अकरा, चौदा. १९०० च्या रजिस्टरात एक नाव होतं, त्या एका नावाला हार घालायचा, आणि वस्तीवरच्या अकरा नावांना पट कमी आहे म्हणून सांगायचं. विद्यार्थी दिवस! हलकटपणाला पण काही हद्द असते.

आता आपल्यांकडं वळतो. शत्रूला शिव्या द्यायला अक्कल लागत नाही, आपल्यांना विचारायला छाती लागते.

आपण साताऱ्याला जातो कशाला? दर्शनाला. रजिस्टराचा फोटो, स्टेटसला. भीमाईच्या समाधीला हार. १८९६ साली ती माऊली याच गावात गेली, भिवा तेव्हा पाच वर्षांचा. तिथं डोळे भरून येतात, यावेतच. पण मग? मग पेढे. बसला बॅनर कुणाचा? ज्या आमदाराच्या माणसांनी कालव्याचं दार आपल्या शिवाराकडं फिरवून घेतलं त्याचाच, निळ्या रंगात. डिझेल त्याचं, नाश्ता त्याचा, डीजे त्याचा. त्याला हे दर्शन फार आवडतं. आपण दरवर्षी यावं, दोन दिवस नाचावं, रजिस्टराला हात जोडावेत आणि जाताना एकानंही तहसील कचेरीची पायरी चढू नये. पंढरीच्या वारीला आपण नावं ठेवत होतो ना? आपली वारी कुठं वेगळी झाली ते सांगा. महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती तळं बघायला गेले म्हणून नाही. तळ्यावर हक्क आहे हे सांगायला गेले. आपण आता महाडला जाऊन पण बाटलीतलं पिऊन येतो.

कुणी म्हणेल, पाण्याचा वाटा भूमिहीनाला कसा द्यायचा? रान नाही तर पाणी कशाला? हा सवाल मला मसूरच्या गाडीत एका शहाण्या सहप्रवाशानं केला, म्हणून उत्तर देतो. विलासराव साळुंख्यांनी सत्तरच्या दशकात पुरंदरच्या नायगावला पाणी पंचायत केली. तिथं पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटलं, भूमिहीनाला धरून. येरळा नदी या खटावाच्याच बाजूला उगवते. ती खाली सांगली जिल्ह्यात उतरते तिथं खानापूर तालुक्यात ऐंशीच्या दशकात लोकांनी बळीराजा धरण बांधलं आणि भूमिहीनांचा पाण्यावरचा वाटा मान्य केला. आपल्या वाट्याचं पाणी घेऊन भूमिहीन दुसऱ्याचं रान वाट्यानं करू शकतो, पाणी देऊन पीक घेऊ शकतो. झालेलं आहे, कागदावरचं नाही. मग उरमोडीच्या आणि जिहे-कठापूरच्या पाण्यावर बौद्ध वाड्याचा, मातंग वस्तीचा, रामोशी वस्तीचा माणशी वाटा का नको? ही मागणी दक्षिण महाराष्ट्रात पाणी चळवळीनं किती वर्षं लावून धरलीय. आपण तिच्यात कुठं आहोत? आपण पुतळ्याच्या उंचीवर भांडतोय.

यापुढं माझ्यासमोर कुणी फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र म्हणालं तर मी त्याला मसूरचं तिकीट काढून देणार आहे. पॅसेंजरचं, स्वस्त असतं.

पुढच्या ७ नोव्हेंबरला आम्ही बस करणार आहोत. बॅनर नसेल, डिझेल वर्गणीचं. बस राजवाड्यासमोर अर्धा तास थांबेल, मग मसूर, मग घाट चढून गोरेगाव, शेवटी कुळकजाई. ज्यांचं मूळ गाव माण, खटाव, कोरेगाव, फलटण यापैकी आहे त्यांनी घरी आज्या-आजोबांना विचारून वतनाच्या जमिनीचे गट नंबर काढून आणावेत, जुना सात-बारा असेल तर झेरॉक्स. वस्तीत विहीर आहे का, ती कुणाच्या नावावर आहे, टँकर कितव्या दिवशी येतो, एवढं कागदावर लिहून आणा. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडते तेव्हा आपण पायरीवर असू. माणशी चारशे रुपये धरलेत, विद्यार्थ्यांना निम्मे. जेवणाची शिदोरी ज्यानं त्यानं आणायची. पाणी आणू नका, वाटेत मागायचंय.